वहीतले सत्तेचाळीस

ताई, ते सत्तेचाळीस कसले होते?

तेराव्याची जेवणं उरकल्यावर दाजींनी तुझा लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि त्यावर एक छोटी डायरी ठेवली. खताच्या दुकानातून दर वर्षी फुकट मिळते तसली. "तुमच्या कामाचं कायतरी लिवलंय तिनं. मला त्यातलं काय कळत नाय," म्हणाले आणि उष्टी पानं उचलायला गेले. रोह्याच्या स्टँडवर पेणच्या गाडीची वाट बघताना मी ती उघडली. वालाचं बी कुणाकडून आणायचं, कुणाच्या साखरपुड्याला जायचं, असं काहीबाही होतं, आणि मधेच एका पानावर हे:

एकच — ३१
सगळं सुटं — ४७
सगळं सुटं, परत — ६
एकच, बॅनर बदलून — परत ३१
तीन —

तीनच्या पुढे कोरं. पेन टेकला होता, शाईचा ठिपकाही उमटला होता, पण आकडा नव्हता. शब्द मला लगेच कळले, कारण ते आपल्या भांडणातलेच होते. आकडे मात्र काही केल्या कळेनात.

तुझं चरित्र मी सांगत बसणार नाही, तुला ते आवडलं नसतं. एकदा कुठल्याशा चॅनलचा मुलगा माइक घेऊन तुझ्या बांधावर आला होता. "लावणीने तुम्हाला कोडिंगबद्दल काय शिकवलं?" असं त्याने विचारलं. तू चिखलाचे हात कमरेवर ठेवून म्हणालीस, "लावणी लावणी हाय, कोड कोड हाय. कंबर दोन्हीत मोडते, येवढंच." त्याने ती मुलाखत कुठे दाखवली नाही.

एवढंच सांगते, की रोह्याच्या एका कंपनीतलं तुझं स्टोअरमधलं कंत्राट संपलं तेव्हा तू चव्वेचाळीस वर्षांची होतीस, आणि पेणच्या रामवाडीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या बाकावर येऊन बसलीस. मी तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. वर्गात तू मला मॅडम म्हणायचीस आणि वर्ग सुटला की "मृणाल गो, जेवलीस का?" तीन वर्षांत आपण भागीदार झालो. मग मी नुसती मृणाल उरले. पण रागावलीस की माझी परत मॅडम व्हायची, आणि त्या एका शब्दावरून मला हवामान कळायचं.

'उद्याचं काम' ही साइट तुझीच कल्पना. उद्या कुठल्या गावात किती हात लागणार आहेत, हे शेताचा मालक किंवा मुकादम दुपारी चारच्या सुमारास तिथे टाकतो. ज्याला जायचं त्याने 'येणार' हे बटण दाबायचं. जागा भरल्या की यादी बंद. नाक्यावर उभं राहून कुणी आपल्याला नेतंय का याची वाट बघायला नको, म्हणून तू ती काढलीस. आणि त्यातही तुझ्या डोळ्यांपुढे होती ती कुंडलिकेच्या काठची वाडी. तिथल्या सहा बायांत मिळून एक फोन, तो जनीबाईचा. काच तडकलेली, नेटवर्क आलं तर आलं. जनीबाईच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहायचं आणि तोवर हायवेलगतच्या गावांतली माणसं बटण दाबून मोकळी. साइट वाडीसाठी काढली आणि वाडीलाच ती उघडत नव्हती.

तू म्हणालीस, हा आपल्या बंडलचा दोष. मी म्हणाले, हा नेटवर्कचा दोष. आपलं भांडण हे एवढंच होतं आणि ते आपण आठ महिने पुरवून पुरवून खाल्लं.

आपली साइट म्हणजे शंभरेक छोट्या फायली. यादी दाखवणारी एक, तारीख मराठीत लिहिणारी एक, नकाशाची एक, फोटो लहान करणारी एक. त्या सगळ्या एकत्र बांधून मी एक मोठी फाइल करायचे, तेच आपलं बंडल. फोनने एकदाच मागायचं, एकदाच घ्यायचं, विषय संपला. असं मीच तुला शिकवलं होतं, फळ्यावर चौकोन काढून. आणि तूच मला विचारायला लागलीस, की जनीला यादी बघायची आहे तर तिच्या गळ्यात नकाशा कशाला?

"गाव कुठे आहे ते कळायला नको?" मी म्हणाले.

"तिला गाव दाखवतेस व्हय? तिचा जल्म गेला त्या गावांच्या चिखलात."

"अगं, पण एकदाच उतरतं ना."

"वडखळला एक ट्रेलर आडवा झाला की मागं दुधाची गाडी अडते आन् नवरदेवाची पण. तुझं बंडल तसलं हाय. सगळं सुटं कर. ज्याला जे पायजे ते त्याने न्यावं."

"माझ्याकडे दोन सेकंदांत उघडतं."

"तुझा फोन रामवाडीत हाय, मॅडम."

आता हे लिहिताना हसू येतंय. तेव्हा नव्हतं आलं. आपण जिला शिकवलं तिने आपल्याला शिकवावं, हे मला जड जात होतं. ते मी तुला कधी बोलले नाही, पण तुला ते दिसत होतं. तू वालाच्या बिरड्याचा डबा पुढे सरकवून विषय बदलायचीस.

मग तो शुक्रवारचा फोन आला. तू शेतातून केला होतास, मागे बायांचा गलका ऐकू येत होता. "मृणाल, आयक गो, एक गंमत झालीय. ते बंडलचं—" म्हणालीस, आणि माझं डोकं सटकलं. सकाळपासून एक गिऱ्हाईक छळत होतं. मी म्हणाले, "ताई, आता टॉवर मी बसवू का? सोमवारी बोलू." तू म्हणालीस, "बरं, सोमवारी." मॅडम नाही म्हणालीस. माझं तेही लक्षात आलं नाही. रविवारी पहाटे तुझ्या छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेलीस.

सोमवारी मी तुझ्या अंगणात होते आणि बोलण्यासारखं कुणी नव्हतं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. दाजी म्हणाले, "लावणी पुरी करतो." नाही शिवला. तुझी लेक म्हणाली, "आये, बाबांकडे मी बघीन." कावळा आंब्यावर बसून मान वाकडी करून बघतोय फक्त. मी मागे बायांमध्ये उभी होते. मी या असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, बंडल फोडते गं." आणि कावळा खाली आला. आसपासच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. कसलं बंडल, कुणाला काय कळणार? मी तिथेच ढसाढसा रडले.

त्याच संध्याकाळी मी पेणला आले आणि तू म्हणायचीस तसं सगळं सुटं केलं. शंभर फायलींच्या शंभर फायली. तपासलं, माझ्या फोनवर मस्त उघडली. साइट चढवून टाकली आणि कित्येक दिवसांनी शांत झोपले. आपण तुझी शेवटची इच्छा पुरी केली, तीही कावळ्याच्या साक्षीने, असं वाटत होतं मला.

आणि मग तीन दिवसांनी ती डायरी.

आधी वाटलं मार्क असतील. माझ्या एकच बंडलला एकतीस, तुझ्या सुट्याला सत्तेचाळीस. तूच परीक्षक म्हटल्यावर तू जिंकणारच, म्हणून मी मनात तुला टोमणाही मारला. पण मग 'सगळं सुटं, परत' याला सहाच कसे? एका रात्रीत नापास झालीस? किलोबाइट लावून बघितले, जमेना. फायलींची संख्या जमेना. ब्राउझरमध्ये मुद्दाम रडतखडत चालणारं नेटवर्क लावलं आणि सेकंद मोजले. ते आकड्यांच्या जवळ गेले, पण बसले नाहीत. माझा पाय त्यात अडकला तो अडकलाच. आकडे वेळेसारखे वागत होते, पण वेळ नव्हते. दुःखात माणसाला जेवण सुचत नाही म्हणतात. मला जेवण सुचत होतं, फक्त घास हातात धरून मी भागाकार करत बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "खा गो आधी, आकडे काय पळत नाय."

शेवटी दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तुझ्या शेतावर गेले. सुतकात तुझी लावणी थांबली होती. नदीकडचा तुकडा तसाच राहिला होता आणि रोपांचं आवण पिवळं पडायच्या आत दाजींना तो उरकायचा होता. वाडीवरच्या सहाही जणी आल्या होत्या, तुझ्या शेतावर यायला त्यांना बटण कशाला लागतंय? चार वाजता जनीबाई बांधावर आली, प्लास्टिकच्या पिशवीतला फोन पिशवीवरूनच दाबला, तिथेच ठेवला, आणि परत चिखलात उतरून वाकली. मला वाटलं तिचं काम झालं. मग तिचं पुटपुटणं ऐकू आलं.

"अडतीस... एकूनचाळीस... चाळीस..."

"जनीबाई, काय मोजताय?"

"चूड." तिने हातातली तीन रोपं चिखलात खोचली. भाताची दोन-तीन रोपं एकत्र लावतात तो एक चूड. "ताय सांगून गेली. फोन दाबायचा, तितं बगत नाय बसायचं, मागं पडायला व्हतं. लावत ऱ्हायचं, आन् उगडून वाजंपरेंत चूड मोजायचं. घड्याळ कोन बगल चिखलात?"

"आणि आकडा तिला सांगायचा?"

"व्हय. ती लिवून घ्यायची. सेचाळीस... सत्तेचाळीस." फोन वाजला, तशी ती कंबर सरळ करून बांधाकडे बघायला लागली. "आताशी उगडला बग. आदी बरं व्हतं गो बाय, एकतीसला तरी उगडायचं. आता उगडून बगावं तर जागा भरलेल्या. दोन दिस घरीच बसलो समद्या."

मी बांधावर बसून राहिले, ताई. पाय खाली सोडून, चिखलात.

म्हणजे सत्तेचाळीस जास्त नव्हते, वाईट होते. सगळं सुटं करून तू स्वतःच बघितलं होतंस, चालू साइटला हात न लावता वेगळ्या पत्त्यावर, जनीबाईच्या फोनवर, आणि ते माझ्या बंडलपेक्षाही हळू निघालं होतं. का निघालं, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं, आणि लाज वाटली, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. पहिली फाइल येते तेव्हा ती म्हणते, मला दुसरी लागेल. दुसरी आली की म्हणते, मला तिसरी लागेल. प्रत्येक वेळी फोनने टॉवरपर्यंत जाऊन यायचं. रामवाडीत ते जाणं-येणं जाणवतसुद्धा नाही. वाडीवर प्रत्येक फेरी दोन-दोन चुडांची.

तुझी गंमत ती होती. शुक्रवारी तुला तेच सांगायचं होतं, की मीपण चुकले गो. आठ महिने माझ्याशी भांडून तू हसत हसत हार सांगायला फोन केलास, आणि मी तुला सोमवार दिला. आणि मग तुझी जी चूक तू स्वतः पुसून टाकली होतीस, तीच मी श्रद्धांजली म्हणून सगळ्या तालुक्याच्या फोनवर चढवली. सहा बाया दोन दिवस घरी बसल्या. कावळ्याला दोष नाही. बंडल फोडते एवढंच म्हणाले होते मी, किती फोडते ते कुठे सांगितलं होतं?

मी जनीबाईला सांगितलं, "ही माझी चूक आहे. ताईची नाही."

"कुनाची का आसंना," ती म्हणाली, "नीट कर मंजे झालं."

त्या रात्री मी पेणला गेले नाही. तुझ्याच पडवीत तुझाच लॅपटॉप उघडला. आधी साइट होती तशी एकतीसवर नेऊन ठेवली, निदान त्या बायांचं आणखी नुकसान नको. मग डायरी घेऊन बसले. तीन म्हणजे कुठले तीन? पान उलटलं तर मागे तुझ्या अक्षरात चारच शब्द होते. गाव. किती. कधी. येणार. जनीबाई फोन उघडून काय काय बघते ते तू तिच्याशेजारी बसून लिहून घेतलं होतंस. आठ महिने मी यादीसाठी फोटो, नकाशा, रंग यांवर वेळ घातला आणि तिची नजर चार शब्दांपलीकडे कधी गेलीच नव्हती.

बाकीचं मग आपसूक सुचत गेलं. पहिला तुकडा त्या चार शब्दांपुरता. दुसरा तुकडा आपण कधीच बदलत नाही अशा फायलींचा, तो एकदा फोनमध्ये गेला की तिथेच राहील. तुझे ते सहा तिथून आले होते, हेही तेव्हाच कळलं. दुसऱ्यांदा उघडताना फायली फोनमध्येच होत्या. मी चढवलेल्या सुट्या साइटवर मात्र फायली फोनमध्ये ठेवून घ्यायला सांगायचं मी विसरले होते, म्हणून जनीबाईला रोजच सत्तेचाळीस. आणि 'बॅनर बदलून परत ३१' हा टोला मला होता. मी सणावाराला शुभेच्छांचा बॅनर बदलायचे, आणि तेवढ्यासाठी सगळं बंडल नवं होऊन जनीबाईच्या फोनवर पहिल्यापासून उतरायचं. "देव काय आपली साइट उघडून बघतात व्हय?" असं तू विचारलं होतंस. मला तेव्हा ती नास्तिकपणाची कोटी वाटली होती. तिसरा तुकडा नकाशा, फोटो आणि मुकादमाच्या कामाचा. मागेल त्याला. आणि सगळ्यात पहिल्या ओळीतच फोनला सांगून ठेवायचं, की बाबा, हे पहिले दोन लागणारच आहेत, एकमेकांची वाट न बघता दोन्ही एकदम मागव.

रविवारी दिवसभर तेच केलं. दाजी दोनदा चहा ठेवून गेले. तिसऱ्यांदा आले आणि उभेच राहिले. "ती पण अशीच बसायची हितं," म्हणाले. "पाठ दुखल म्हनलं तर ऐकायची नाय." मग मी पाठीमागे उशी घेतली, त्यांच्या समाधानासाठी.

एक मला अजून कळलेलं नाही. तीन हा शब्द लिहून तू थांबलीस, तो तुकडे करायचे राहिले म्हणून, की केले होतेस आणि मोजायचे राहिले म्हणून? तुझ्या लॅपटॉपवर शोधलं. काही अर्धवट मिळालं, दोन तुकड्यांपर्यंत आलेलं. तिसऱ्यात काय टाकणार होतीस? माझ्यासारखंच केलं असतंस, की अजून काही वेगळं? मला खात्री आहे, तू त्यातही खुसपट काढलं असतंस. ते खुसपट काय असतं याचा विचार डोक्यातून जात नाही. भांडायला माणूस नसलं की आपली बाजू किती लवकर फुसकी होते, हे मला माहीत नव्हतं.

आज चार वाजता तुझ्या शेताचा शेवटचा तुकडा लावून होत आला होता. जनीबाईने पिशवीवरून फोन दाबला आणि वाकली. मीही साडी खोचून तिच्या शेजारी उतरले होते. हातात आवण होतं, रोपं वाकडी जात होती, आणि तिने दोनदा माझे चूड उपटून परत लावले. आम्ही दोघी मोठ्याने मोजत होतो. ती मोजत होती तिच्या हाताने, मी तिच्या तोंडाकडे बघून. सातव्या चुडाला दाजीही बांधावर येऊन उभे राहिले. नवव्या चुडाला फोन वाजला.

जनीबाईने पुढचा चूड लावला. दहा म्हणाली सवयीने. मग थांबली, बांधावर गेली, हात पदराला पुसून बटण दाबलं, एकदा, दोनदा, सहा वेळा. "आल्या समद्या," तिने बाकीच्यांना ओरडून सांगितलं. "उद्या बी काम हाय." आणि परत येऊन वाकली, कारण तुझा तुकडा अजून पुरा व्हायचा होता.

मी डायरी काढली. हात चिखलाचे होते, पानावर बोट उमटलं. तीनच्या पुढे तू सोडलेल्या जागेत नऊ लिहिलं. खाली दोन ओळी आणखी लिहिल्या, आपल्या दोघींच्या. एकच ही माझी चूक. सगळं सुटं ही तुझी. तू फोनवर सांगणार होतीस ते आणि मी कधीच सांगणार नव्हते ते.

आज सोमवार आहे, ताई. बोल.